सर्पगंधेची लागवड आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्पगंधा ही नेमकी कोणती वनस्पती आहे?

सर्पगंधा हे करवंद, कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातील बहुवर्षायू लहान झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना असून मराठीत त्याला अडकई किंवा हरकी असेही म्हणतात. हे झुडूप साधारण दीड ते तीन फूट उंच वाढते. हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतापर्यंत, तसेच पश्चिम घाटातील ओलसर पानझडी आणि निमसदाहरित जंगलांत, मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत आणि कुजलेल्या पानांनी भुसभुशीत झालेल्या जमिनीत ते आढळते. त्याच्या लागवडीचे बहुतेक सगळे नियम या अधिवासातूनच निघतात, त्यामुळे एखादी शंका आली की झुडूप जंगलात कुठे उभे असते हे आधी आठवावे.

औषधात मूळ वापरले जाते, आणि मूळ काढले की झुडूप संपते. सर्पगंधा जंगलात दुर्मीळ होण्याचे हेच मुख्य कारण आहे. जिला औषध म्हणून सर्पगंधा हवी आहे, त्या प्रत्येक व्यक्तीने ती लागवडीतूनच मिळवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी सर्पगंधा कशी ओळखावी?

पाने लांबट भाल्याच्या आकाराची, वरून गर्द हिरवी व खालून फिकट असतात आणि बहुधा एका पेरावर तीन-तीनच्या मंडलात येतात. फुलांचे गुच्छ सहज लक्षात राहण्यासारखे असतात, कारण फुलाची नळी पांढरी किंवा किंचित गुलाबी असली तरी देठ आणि निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या बुडाशी असलेला भाग, लालभडक असतो. फळे वाटाण्याएवढी असून आधी हिरवी असतात आणि पिकल्यावर जांभळट काळी व चकचकीत होतात.

गफलत होते ती बहुतेक वेळा हिच्याच वंशातील राउवोल्फिया टेट्राफायला या वनस्पतीशी. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून आता आपल्याकडे रस्त्याकडेला आणि पडीक जागेत सर्रास वाढते. तिची पाने एका पेरावर चार-चार आणि आकाराने लहानमोठी असतात. फुले बारीक व मळकट पांढरी असतात आणि देठांवर तो लाल रंग नसतो. ही वनस्पती उन्हात आणि निकस जमिनीतही फोफावते, त्यामुळे रोपवाटिकेतून तीच ‘सर्पगंधा’ म्हणून हाती येण्याची शक्यता राहते. दोन्हींतील द्रव्यांचे प्रमाण वेगळे आहे, म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरू नये. रोप फुलावर असताना पाहून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सावली किती असावी?

सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारच्या कडक उन्हाच्या वेळी झाडांची विरळ, हलती सावली पडेल, अशी जागा उत्तम. आंबा, चिकू, नारळ यांच्या जुन्या बागांत झाडांमधल्या पट्ट्यांत सर्पगंधा चांगली येते. उघड्या माळावर उन्हाळ्यात पाने पिवळी पडतात, कडा करपतात आणि वाढ खुंटते. मात्र सावली आवडते म्हणून दाट काळोखात लावणेही चुकीचेच ठरते. तेथे झुडूप जगते, पाने मोठी व टवटवीतही दिसतात, परंतु मुळे बारीक राहतात, आणि आपल्याला तर मूळच हवे असते. हवा दमट आणि उन्हाळा सौम्य असेल तेथे ही वनस्पती अधिक ऊन सहन करते. कोरड्या प्रदेशात सावलीची गरज वाढते.

जमीन कशी लागते?

सेंद्रिय अंश भरपूर असलेली, निचऱ्याची, पोयटा किंवा वालुकामिश्र पोयटा जमीन निवडावी. आम्ल ते उदासीन सामू (पीएच) या वनस्पतीला मानवतो, म्हणून कोकणातील जांभ्यापासून बनलेली जमीन शेणखत आणि पालापाचोळ्याने सुधारून घेतल्यास उपयोगी पडते. काळ्या भारी जमिनीत दोन अडचणी येतात. पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, आणि काढणीच्या वेळी घट्ट मातीतून मुळे तुटून निम्मी आतच राहतात. अशा जमिनीत लावायचेच असेल तर उंच गादीवाफे करून त्यांत वाळू आणि कुजलेला पाला मिसळावा.

पूर्वमशागतीच्या वेळी हेक्टरी २० ते २५ टन, म्हणजेच गुंठ्याला सुमारे २०० ते २५० किलो, चांगले कुजलेले शेणखत द्यावे. ताजे शेणखत घालू नये, त्याने मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण मिळते.

बियांपासून रोपे तयार करताना इतकी नापिकी का होते?

सर्पगंधेच्या लागवडीत सर्वाधिक निराशा याच टप्प्यावर येते, त्यामुळे याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. पहिले कारण असे की वरून धडधाकट दिसणाऱ्या अनेक बियांमध्ये गर्भ पूर्ण भरलेलाच नसतो. दुसरे कारण म्हणजे बीचे कवच कठीण असते. तिसरे, आणि सर्वांत सहज टाळता येण्यासारखे कारण म्हणजे जुने बी. साठवणीत त्याची उगवणक्षमता झपाट्याने घटते. या सगळ्याचा परिणाम म्हणून उगवण १० टक्क्यांपासून ५०–६० टक्क्यांपर्यंत कितीही होऊ शकते.

पूर्ण काळी झालेली फळे वेचून त्यांचा गर चोळून काढावा, बी धुऊन सावलीत सुकवावे आणि शक्य तितक्या लवकर पेरावे. पेरणीपूर्वी बी पाण्यात टाकल्यास पोकळ बी तरंगते. ते काढून टाकावे. तळाशी बसलेले बी रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पेरावे. रोपवाटिका मे महिन्यात, सावलीखाली, एक भाग कुजलेला पाला व दोन भाग पोयटा मातीच्या गादीवाफ्यावर करावी. बी एक ते दोन सेंटिमीटर खोल टाकून वर बारीक खताचा पातळ थर द्यावा आणि वाफा सतत ओलसर, पण चिखल न होऊ देता ठेवावा.

यानंतर लागतो तो संयम. पहिले कोंब दिसायला १५ ते २० दिवस लागतात आणि उगवण पुढेही कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने होत राहते. बी वाया गेले असे समजून तीन आठवड्यांतच वाफा मोडणारे अनेक जण आहेत. त्यांनी आणखी महिनाभर पाणी दिले असते तर त्याच वाफ्यातून पुष्कळ रोपे निघाली असती. एका हेक्टरसाठी साधारण साडेपाच किलो बी आणि सुमारे ५०० चौरस मीटर रोपवाटिका लागते.

छाटापासून किंवा मुळाच्या तुकड्यांपासून लागवड करता येते का?

येते. पेन्सिलीच्या जाडीच्या मुळांचे अडीच ते पाच सेंटिमीटरचे तुकडे शेणखत, वाळू आणि लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणात आडवे पुरून ओलसर ठेवल्यास त्यांना कोंब येतात. फांदीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे, तीन पेरांचे छाटही पावसाळ्याच्या तोंडावर रुजतात. यांचा फायदा असा की रोप मातृवृक्षासारखेच निपजते. तरीही मोठ्या क्षेत्रासाठी आम्ही बियांपासूनची रोपेच सुचवतो, कारण त्यांचे सोटमूळ खोल जाते आणि मुळांचे एकूण वजन अधिक भरते. छाट ही पद्धत थोड्या, खात्रीच्या झाडांपासून संग्रह वाढवण्यासाठी चांगली आहे.

सुधारित वाण उपलब्ध आहेत का?

जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या इंदूर येथील केंद्रातून ‘आर. एस. १’ हा वाण आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेकडून ‘सिम-शील’ हा वाण प्रसारित झाला आहे. रोपे घेताना वाणाचे नाव आणि स्रोत लिहून घ्यावा.

पुनर्लागवड केव्हा आणि किती अंतरावर करावी?

रोपे ४० ते ५० दिवसांची, चार ते सहा पानांची झाली की जुलै ते ऑगस्टमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. ६० बाय ३० सेंटिमीटरने गुंठ्यात सुमारे ५५० रोपे बसतात. रोप उपटून काढू नये; सोटमुळाला इजा झाली की ते पुढे फाटे फोडते आणि जाड मूळ मिळत नाही. म्हणून वाफा भिजवून, मातीसह रोप उचलावे.

पाणी, खुरपणी आणि फुले खुडणे याविषयी काय करावे?

पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात महिन्यातून एकदा आणि उन्हाळ्यात साधारण वीस दिवसांनी पाणी पुरते. हलक्या जमिनीत थोडे लवकर द्यावे लागते. पहिल्या वर्षी रोपे हळू वाढतात आणि तणे त्यांना सहज दाबून टाकतात, त्यामुळे या काळात खुरपणीत हयगय करू नये. दोन ओळींत पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते आणि जमीनही जंगलातल्यासारखी सुधारत जाते. हिवाळ्यात पाने गळली तर घाबरू नये, वसंतात नवी पालवी येते.

बी धरायचे नसेल त्या झाडांची फुले खुडावीत, म्हणजे अन्नरस मुळांकडे वळतो. काही निवडक निरोगी झाडे मात्र बियांसाठी राखून ठेवावीत.

कीड आणि रोग कोणते येतात?

पाने गुंडाळून आत राहणारी हिरवी अळी आणि पानांवरील सरकोस्पोरा बुरशीचे तपकिरी ठिपके या नेहमीच्या तक्रारी आहेत. गुंडाळलेली पाने हाताने तोडून नष्ट करावीत व गरज पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. ठिपके वाढू लागल्यास रोगट पाने काढून बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी अधिक धोकादायक आहेत, कारण ते थेट उत्पादनावरच घाला घालतात आणि वरून केवळ झाड खुरटलेले दिसते. वांगी, टोमॅटो किंवा भेंडीच्या शेतात सूत्रकृमी आढळले असतील तर त्या जागेत सर्पगंधा लावू नये. अन्यत्रही लागवडीच्या वेळी निंबोळी पेंड घालणे हिताचे.

औषधासाठी वापरायच्या मुळावर रासायनिक कीटकनाशकांचा अंश राहू नये याची काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे.

कुंडीत लावता येईल का?

येईल. कुंडी निदान ४५ सेंटिमीटर खोल असावी, तळाला निचऱ्याची भोके मोकळी असावीत आणि ती पूर्वेच्या बाजूला ठेवावी. घरात लहान मुले किंवा पाळीव जनावरे असल्यास फळे धरू देऊ नयेत, कारण काळी चकचकीत फळे करवंद किंवा जांभळासारखी समजून तोंडात घातली जाण्याचा धोका असतो. वनस्पतीचे सर्व भाग खाण्यास अयोग्य आहेत असेच समजावे.

मुळांची काढणी कधी करावी?

झुडपाला किमान १८ महिने पूर्ण होऊ द्यावेत; दोन ते तीन वर्षांनी काढल्यास वजन आणि गुणवत्ता दोन्ही चांगली मिळते. काढणी डिसेंबर–जानेवारीत, पाने गळून झाड विश्रांतीत असताना करावी, कारण त्या वेळी मुळांतील अल्कलॉइडांचे, म्हणजे औषधी परिणाम करणाऱ्या द्रव्यांचे, प्रमाण अधिक असते. आदल्या काही दिवसांत हलके पाणी दिल्यास माती सैल होते. मुळे दोन फुटांपर्यंत खोल जाऊ शकतात, तेव्हा बुंध्याला धरून ओढण्याऐवजी बाजूने चर खणून मुळे मोकळी करावीत.

यात एक गोष्ट विशेष जपावी लागते, ती म्हणजे मुळाची साल. वजनाने साल मुळाच्या साधारण ४० ते ४५ टक्केच असते, परंतु एकूण अल्कलॉइडांपैकी सुमारे ९० टक्के तिच्यातच असतात. त्यामुळे माती काढण्यासाठी मुळे खरवडणे, दगडावर घासणे किंवा तारेच्या ब्रशने घासणे म्हणजे औषधच फेकून देणे होय. वाहत्या पाण्यात हाताने अलगद धुवावीत. बारीक मुळेही टाकू नयेत, कारण त्यांत सालीचे प्रमाण तुलनेने जास्त असते.

मुळे कशी सुकवावी आणि साठवावी?

धुतलेल्या मुळांचे १२ ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करून ती हवेशीर सावलीत पसरावीत. वाकवल्यावर मूळ लवचीकपणे न वळता कट्टकन तुटले की ते पुरेसे सुकले. ओलसर मूळ गोणीत भरल्यास त्याला बुरशी लागते आणि मग ते कोणत्याही उपयोगाचे राहत नाही. कोरड्या, थंड जागी, जमिनीपासून उंचावर आणि तारखेची चिठ्ठी लावून साठवण करावी. चांगल्या बागायती पिकातून हेक्टरी साधारण दीड ते अडीच टन सुकी मुळे मिळतात.

औषध म्हणून सर्पगंधेचा उपयोग कसा सिद्ध झाला?

आयुर्वेदात सर्पगंधा तिक्त रसाची आणि उष्ण वीर्याची मानली असून निद्रा आणणारी म्हणून ती प्रसिद्ध आहे. झोप न येणे, मनाचा प्रक्षोभ आणि उन्माद यांवर वैद्य तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या करत आले. आधुनिक अभ्यासाला १९३१ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाब व मनोविकारांवरील तिच्या परिणामांविषयी लेख प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइड वेगळे केले. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानंतर जगभरातील डॉक्टरांचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी ‘रेसरपिन’ हे प्रमुख द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांना हे नाव आजही फारसे ठाऊक नसावे, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

रेसरपिन शरीरात काय करते?

मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. ती पिशव्यांत भरणारी यंत्रणा रेसरपिन बंद पाडते, त्यामुळे साठा हळूहळू रिता होतो. परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. साठा रिता व्हायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात; आणि पुन्हा भरायलाही वेळ लागतो, म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम बराच काळ टिकतो. ‘दोन दिवसांत गुण आला नाही’ म्हणून मात्रा वाढवणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

घरच्या झाडाचे मूळ उगाळून किंवा चूर्ण करून घेतले तर चालेल का?

चालणार नाही. सुक्या मुळातील एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण साधारण १.७ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान बदलते, आणि ते वाण, वय, हंगाम व साल शाबूत आहे की नाही यांवर अवलंबून असते. एकाच चमच्यात एका झाडाच्या मुळातून मिळणारे औषध दुसऱ्या झाडाच्या जवळपास दुप्पट असू शकते. या कारणाने आम्ही येथे मात्रा मुद्दामच दिलेली नाही. परीक्षण केलेल्या द्रव्यापासून बनवलेली, सर्पगंधा घन वटीसारखी तयार औषधेसुद्धा नोंदणीकृत वैद्य किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्तदाब नियमित मोजूनच घ्यावीत.

कोणी सर्पगंधा मुळीच घेऊ नये?

ज्यांना नैराश्य आहे किंवा पूर्वी होऊन गेले आहे, त्यांनी ती घेऊ नये. रेसरपिनमुळे मन खचणे, आत्महत्येचे विचार येणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्या इतक्या हळूहळू येतात की रुग्णाला किंवा घरच्यांना त्यांचा औषधाशी संबंध लक्षात येत नाही. जठराचा किंवा आतड्याचा व्रण, कंपवात, मंद नाडी, गर्भावस्था आणि स्तनपान या अवस्थांतही ती वर्ज्य आहे. नैराश्यावरील एमएओ प्रतिबंधक औषधे, कंपवातावरील लेव्होडोपा, हृदयविकारावरील डिगॉक्सिन, झोपेची औषधे, मद्य आणि रक्तदाबाच्या इतर गोळ्या यांच्याबरोबर तिची घातक गुंतागुंत होऊ शकते. नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब, पोटात आम्लता वाढणे हे तिचे सामान्य दुष्परिणाम आहेत.

रक्तदाबाची चालू गोळी स्वतःहून बंद करून सर्पगंधेवर जाणे हा त्याहूनही मोठा धोका आहे. आज रक्तदाबावर अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध असल्याने आधुनिक उपचारांत रेसरपिन मागे पडले आहे, हेही लक्षात घ्यावे.

सर्पदंशावर सर्पगंधा उपयोगी पडते का? ती लावल्याने साप दूर राहतात का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मुंगूस सापाशी लढताना ही वनस्पती खाते, अशी समजूत पूर्वापार चालत आली आहे, परंतु सापाचे विष निष्प्रभ करण्याची क्षमता या मुळात असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नाग किंवा मण्यार चावल्यावर प्रतिसर्पविष आणि वेळप्रसंगी कृत्रिम श्वासोच्छ्‌वास यांनीच जीव वाचतो, आणि मूळ उगाळण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या वाट्यातून जातो. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे. त्यातून घोणस चावलेल्या रुग्णाचा रक्तदाब आधीच खालावत असतो, आणि तो आणखी उतरवणारे द्रव्य त्याला देणे म्हणजे अपायात भर घालणे आहे.

जंगलातून मुळे किंवा रोपे आणली तर काय हरकत आहे?

जंगलात एक झुडूप बी धरण्याच्या वयाला येईपर्यंत वर्षे जातात, आणि बियांची उगवण तर आपण वर पाहिलीच. अशा वनस्पतीचे मूळ खणून काढले की त्या जागी दुसरे झाड येण्याची शक्यता फारच कमी असते. लुप्तप्राय प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९० पासून सर्पगंधेचा समावेश आहे. लागवडीसाठी सुरुवातीचे बी हवे असेल तर ते कृषी विद्यापीठ, केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्था किंवा राज्याच्या औषधी वनस्पती मंडळामार्फत मागवावे.

लागवडीतील मुळे विकताना कोणती कागदपत्रे जपावीत?

माल जंगलातून आणलेला नसून शेतातील आहे, हे दाखवता येणे महत्त्वाचे आहे. रोपे किंवा बी खरेदीची पावती, सातबारा उताऱ्यावरील पीकपाहणीची नोंद, लागवडीची व काढणीची तारीख आणि शेताची छायाचित्रे एकत्र ठेवावीत. वाहतुकीपूर्वी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात परवान्याची चौकशी करावी, कारण याबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. खरेदीदार कंपनीशी बोलणी लागवडीपूर्वीच करावीत आणि ती मुळांचे परीक्षण कोणत्या प्रयोगशाळेतून करून घेते, ते विचारावे. दोन-तीन वर्षे जमीन अडकवल्यानंतर ग्राहक शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

एकदा काढणी झाल्यावर त्याच जागी पुन्हा सर्पगंधा लावावी का?

लगेच लावू नये. सूत्रकृमी आणि मूळकूज यांचा उपद्रव वाढतो, म्हणून मध्ये एक-दोन हंगाम ताग किंवा धैंचासारखे हिरवळीचे खत घेऊन ते जमिनीत गाडावे. काढणीत निघालेल्या निरोगी मुळांचे जाड तुकडे तोवर रोपवाटिकेत लावून ठेवल्यास पुढच्या लागवडीची काही रोपे घरचीच मिळतात.